हिरवळीची सीमातार आणि काँक्रीटची वाट

कुंपण ही वस्तु माणसाच्या शेतीइतकीच जुनी आहे असें म्हटल्यास त्यांत फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. शेताचा बांध, गांवाची शीव, वाड्याची तटबंदी, मळ्याभोंवतालची काट्यांची वई, हीं सारीं एकाच मनोवृत्तीचीं निरनिराळीं रूपें होत. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. सीमा कोठें आहे हें तिच्या आंत राहणारास आणि ती ओलांडूं पाहणारास, दोघांसही डोळ्यांनीं दिसतें. 'जी आहे, पण दिसत नाहीं' अशा सीमेचें उदाहरण विचारलें तर आमचे वाचक लक्ष्मणरेषेचें नांव घेतील. परंतु जिची जाणीव केवळ एकालाच व्हावी, आणि इतरांच्या लेखीं जी जणुं नाहींच, अशी सीमा पुराणकारांनाही सुचली नाहीं. ती सुचली आधुनिक यंत्रज्ञांना. युरोपांतील व अमेरिकेंतील पुष्कळ घरांच्या बागांत आज अशी सीमा जमिनींत पुरलेली आहे. ती म्हणजे एक बारीक तार. गवत कापणारें स्वयंचलित यंत्र त्या तारेपाशीं येतें, थबकतें आणि मागें वळतें. या तारेच्या मार्गांत काँक्रीटची पायवाट आडवी आली म्हणजे ती पलीकडे कशी न्यावी, हा प्रश्न बागवानाला पडतो. प्रश्न दिसण्यांत अगदीं क्षुल्लक आहे. तथापि, दोनशें वर्षांचा इतिहास त्या एका खांचेंत कसा गोळा झाला आहे, हें दाखविण्याचा आमचा प्रस्तुत लेखांत हेतु आहे.

प्रथम हिरवळीचा विचार करूं. आमच्याकडे गवत म्हणजे वैरण. पावसाळा सरल्यावर तें विळ्यानें कापावें, पेंढ्या बांधाव्या, गंजी रचावी आणि गुरांनीं तें उन्हाळाभर खावें, हा त्याचा उपयोग. जें गवत केवळ पाहण्याकरितां वाढवावें आणि वाढूं लागतांच कापावें, तें पश्चिम युरोपांतील श्रीमंतांच्या बागांत प्रतिष्ठा पावलें. गवत खुडण्यासाठीं एकतर मेंढरें सोडीत किंवा लांब दांड्याचे विळे घेऊन मजूर कामाला लावीत. दंवानें भिजलेलें गवत चांगलें कापलें जातें, म्हणून हे मजूर भल्या पहांटे कामाला लागत. धनी जागा होऊन खिडकीशीं येई तेव्हां काम आटोपलेलें असे. हिरवळीचा इतिहास लिहितांना या पहांटेच्या माणसांचा विसर पडतां कामा नये. कारण पुढें जीं यंत्रें निघालीं तीं त्यांच्याच हातांची जागा घेण्यासाठीं निघालीं.

या हिरवळीनें कुंपणाविषयीं एक चमत्कारिक अडचण उभी केली. खिडकींतून पाहतांना हिरवळ थेट दूरच्या कुरणापर्यंत पसरलेली दिसावी, मध्यें भिंत डोळ्यांस खुपूं नये. पण कुरणांतलीं जनावरें मात्र फुलझाडांत शिरूं नयेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत यावर जी तोड प्रचारांत आली ती अशी: कुंपण जमिनीच्या वर न घालतां खालींच घालावें. एका बाजूस उभी भिंत व दुसऱ्या बाजूस उतार, असा चर खणावा. लांबून तो दिसत नाहीं. जवळ गेलेला माणूस मात्र दचकून थांबतो. या दचकण्याच्या उद्गारावरूनच त्याला 'हा-हा' असें नांव पडलें, असें होरेस वॉलपोल यानें लिहून ठेविलें आहे. स्टो येथील प्रसिद्ध बागेंत चार्ल्स ब्रिजमन यानें हा चर योजिला होता. बागेची सीमा लपविण्याची हौस ही अशी जुनी आहे. विजेच्या तारेनें ती हौस नव्यानें निर्माण केली नाहीं. तिला फक्त नवें साधन मिळवून दिलें.

ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड हें गांव लोकरी कापडाबद्दल प्रसिद्ध होतें. विणून झालेल्या कापडावरची लव एकसारखी कापण्यासाठीं तेथील गिरण्यांत फिरत्या पात्यांचें एक यंत्र असे. एडविन बडिंग नांवाच्या कारागिराच्या मनांत आलें कीं, कापडावरची लव आणि जमिनीवरचें गवत यांत असा काय मोठा फरक आहे? त्यानें तीं फिरतीं पातीं एका रुळावर बसविलीं, आणि ३१ ऑगस्ट १८३० रोजीं गवत कापण्याच्या यंत्राचें एकस्व मिळविलें. जॉन फेराबी या कारखानदारानें त्यास भांडवल पुरविलें. १८३२ सालीं इप्सविच येथील रॅन्सम यांच्या कारखान्यानें तें यंत्र बनविण्याचा परवाना घेतला. मोठीं यंत्रें ओढण्यास घोडे जुंपीत, आणि हिरवळीवर खुरांचे ठसे उमटूं नयेत म्हणून त्या घोड्यांच्या पायांत चामड्याचे जोडे चढवीत! १९०२ सालीं रॅन्सम यांनींच पेट्रोलवर चालणारें यंत्र बाजारांत आणलें. घोडा गेला, इंजिन आलें. तरी यंत्राला कोठें थांबावें व कोठें वळावें हें सांगणारा माणूस मात्र त्याच्याबरोबर होताच. त्या माणसाला दूर करावयाचें तर त्याचें सीमाज्ञान यंत्राला देणें अवश्य होतें.

हें ज्ञान देण्याचें साधन बडिंगच्याच काळांत जन्मास येत होतें, ही मोठी कौतुकाची गोष्ट आहे. १८२० सालीं कोपनहेगन येथें ऑर्स्टेड यास असें आढळलें कीं, तारेंतून विद्युत्प्रवाह वाहूं लागला म्हणजे जवळची चुंबकसूचि हलते. १८३१ सालीं लंडनमध्यें फॅरडे यानें उलट बाजू सिद्ध केली: बदलत्या चुंबकीय क्षेत्रानें दुसऱ्या तारेच्या वेटोळ्यांत प्रवाह उत्पन्न होतो. या दोन शोधांच्या मध्यें, १८२४ सालीं, लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानें एका नव्या सिमेंटचें एकस्व घेतलें आणि पोर्टलंडच्या दगडाशीं असलेल्या साम्यावरून त्यास 'पोर्टलंड सिमेंट' असें नांव दिलें. म्हणजे तारेचें चुंबकत्व, वाटेचें सिमेंट, गवताचें यंत्र आणि दुरून संदेश जाणणारें वेटोळें, हीं चारही अवघ्या अकरा वर्षांत अवतरलीं. त्या चौघांना एकमेकांच्या कामाचा उपयोग तेव्हां दिसणें शक्य नव्हतें. त्यांचीं कामें एका बागेच्या वाटेवर एकत्र येण्यास दीड शतक लागावयाचें होतें.

तारेच्या मागोमाग चालण्याची पहिली मोठी परीक्षा जमिनीवर न होतां पाण्यावर झाली. धुक्यांत बंदराची वाट सांपडत नाहीं व जहाजें खोळंबून राहतात, ही न्यूयॉर्कची जुनी तक्रार होती. यास्तव तेथील अँब्रोज नांवाच्या जलमार्गाच्या तळाशीं एक लांब तार टाकून तिच्यांतून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडण्यांत आला. जहाजाच्या दोन्हीं अंगांस एकेक वेटोळें टांगलेलें असे. ज्या बाजूचा आवाज कानाला मोठा लागेल त्या बाजूस तार आहे असें समजावें, आणि दोन्हीं आवाज सारखे होईपर्यंत सुकाणूं फिरवावें, अशी युक्ति होती. १९२० सालीं अमेरिकेच्या आरमारांतील 'सेम्स' नांवाची विनाशिका या तारेच्या आधारानें, बाहेरचें कांहीं न पाहतां, त्या मार्गावरून नेण्यांत आली. प्रयोग यशस्वी झाला. परंतु थोड्याच काळांत रेडिओचीं साधनें सुधारलीं आणि समुद्राच्या तळची ती तार निरुपयोगी ठरली. हा प्रसंग वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

काँक्रीटशीं तारेची गांठ पडली ती वखारींत. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें माल ओढणारी चालकहीन गाडी तयार केली. ही गाडी तारेच्या संकेतावर चाले. पुढें अशा गाड्यांसाठीं वखारीच्या काँक्रीटच्या जमिनींत खांचा पाडून त्यांत तारा बसविण्याची पद्धति रूढ झाली. रस्त्यांवरही हा प्रयोग झाला. १९५७ सालीं नेब्रास्का संस्थानांत लिंकन शहराबाहेर, सुमारें चारशें फूट रस्त्याखालीं विद्युत्मंडलें पुरून मोटारींना वाट दाखविण्याचें प्रात्यक्षिक करण्यांत आलें. इंग्लंडांतील सरकारी संशोधनसंस्थेनें १९६० नंतरच्या दशकांत एक सित्रोएं मोटार पुरलेल्या तारेवरून ताशीं ८० मैल वेगानें चालवून दाखविली. सबंध देशांतील रस्ते उकरून त्यांत तारा घालण्याचा खर्च मात्र कोणासही झेपण्यासारखा नव्हता. ती कल्पना रस्त्यावर फसली, वखारींत टिकली आणि शेवटीं बागेंत रुजली.

बागेंत ती आणण्याचा मान अमेरिकेंतील बेलिंजर या संशोधकाकडे जातो. त्याचें 'मोबॉट' नांवाचें यंत्र १९६९ सालीं ७९५ डॉलर किंमतीस विक्रीला आलें. सभोंवार पुरलेल्या तारेच्या आंत तें आपलें आपण फिरे. त्या काळच्या मानानें किंमत भारी होती आणि तें घरोघरीं गेलें नाहीं. १९७३ सालीं रिचर्ड पेक यानें हीच युक्ति कुत्र्यांस लावली. कुत्र्याच्या पट्ट्यांतील यंत्र पुरलेल्या तारेचा संदेश ओळखी व मर्यादा ओलांडणाऱ्या प्राण्यास विजेचा सौम्य झटका देई. स्वीडनमधील हुस्कव्हार्ना या गांवीं १६८९ पासून बंदुकांचा कारखाना होता; तोच पुढें शिवणयंत्रें, सायकली व बागेचीं अवजारें करूं लागला. त्या हुस्कव्हार्ना कंपनीनें १९९५ सालीं सूर्यप्रकाशावर चालणारें स्वयंचलित गवतयंत्र बाहेर काढलें, आणि तेथून या यंत्रांचा खरा प्रसार सुरू झाला.

आतां तार काम कशी करते तें थोडक्यांत सांगतों. हिरवळीच्या कडेनें तारेचा एक बंद वेढा घालतात. त्याचीं दोन्हीं टोकें यंत्राच्या ठाण्याशीं जोडलेलीं असतात. ठाण्यांतून अल्प दाबाचे विद्युत्स्पंद तारेंत सोडले जातात व तिच्याभोंवतीं दुर्बळ चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. वेढ्याच्या आंत या क्षेत्राची दिशा एक, तर बाहेर तिच्या उलट. यंत्रांतील वेटोळें ही दिशा ओळखतें. ती उलटली कीं आपण सीमा ओलांडली हें यंत्राला कळतें. तार कोठें तुटली तर संदेशच बंद पडतो, आणि संदेश नाहीं म्हणजे हालचाल नाहीं, असा यंत्राचा नियम असतो. हा नियम फार शहाणपणाचा आहे. मर्यादा कोठें आहे हें कळेनासें झाल्यावर स्वस्थ उभें राहणें माणसांनाही नेहमीं साधत नाहीं.

परंतु हिरवळ क्वचितच एकसंध असते. फाटकापासून दारापर्यंत काँक्रीटची वाट जाते आणि गवताचे दोन तुकडे होतात. येथें बागवानानें पहिल्यानें हें ठरवावें कीं, वाट यंत्राच्या राज्यांत घ्यावयाची कीं बाहेर ठेवावयाची. वाट गवताच्या पातळींत असेल तर यंत्र तिच्यावरून बेलाशक पलीकडे जाऊं शकतें. मग वाटेच्या दोन्हीं कडांनीं तार न घालतां, दोन्हीं तुकडे मिळून एकच वेढा करावा व तार वाटेस फक्त दोन ठिकाणीं आडवी न्यावी. वाट बाहेर ठेवावयाची असेल तरी पलीकडच्या तुकड्यापर्यंत तार पोंचविल्यावांचून गत्यंतर नसतें. सारांश, कोणत्याही रीतीनें काँक्रीट ओलांडणें आलेंच. सुदैवानें चुंबकीय क्षेत्रास काँक्रीटचा अडथळा होत नाहीं. त्यांतील लोखंडी जाळी मात्र त्यास थोडेंबहुत बिघडवूं शकते.

ओलांडण्याच्या रीति तीन आहेत. काँक्रीट उन्हानें फुगतें व थंडीनें आकसतें, म्हणून चांगला गवंडी त्यांत ठराविक अंतरावर सांधे सोडतो. असा सांधा सोयीच्या जागीं असल्यास तार त्यांतच बसवावी. फक्त ती ताणून न बसवितां किंचित सैल ठेवावी, म्हणजे सांधा हलला तरी ती तुटत नाहीं. सांधा नसेल तर हिऱ्याच्या चकतीनें तारेच्या जाडीहून थोडी अधिक खोल अशी खांच पाडावी लागते. हें काम पाणी घालून व तोंडाला योग्य मुखवटा बांधून करावें. कारण काँक्रीटच्या कोरड्या धुळींतील सिलिका फुप्फुसांत जाऊन जो विकार जडतो, तो दगड फोडणाऱ्या कामगारांच्या कित्येक पिढ्यांनीं भोगला आहे. आंतील सळईपर्यंत खांच जाऊं देऊं नये. खांच झाडून स्वच्छ करावी, तार तळाशीं बसवावी, मंडल पुरें होतें कीं नाहीं हें यंत्राकडून तपासून घ्यावें, आणि मगच वरून लवचिक लांबी भरावी. आधीं बुजवून मागाहून तपासणारास तेंच काम दोनदां करावें लागतें. तिसरी रीत वाटेच्या खालून जाण्याची. कडेची माती उकरून एक नळी पलीकडे ठोकावी व तिच्यांतून तार ओवावी. मात्र ती फार खोल जाऊं नये, सुमारें वीतभर खोली पुरे. नवी वाट बांधतांनाच तिच्याखालीं एक रिकामी नळी टाकून ठेवणें हें या सर्वांत उत्तम. पुढें तार बदलावयाची झाली तर वाट फोडावी लागत नाहीं.

यांत एक गंमत अशी कीं, वाटेपलीकडच्या एखाद्या फुलांच्या वाफ्याला वेढा घालून तार परत आणावयाची असेल, तर जाणारी व येणारी तार एकाच खांचेंत अगदीं लगत बसवितात. दोघींतून प्रवाह उलट दिशांनीं वाहतात व त्यांचीं क्षेत्रें परस्परांस नाहींशीं करतात. परिणामीं यंत्राला त्या ठिकाणीं कांहींच जाणवत नाहीं व तें बिनदिक्कत पुढें जातें. एक तार म्हणजे सीमा. परंतु लगतच्या दोन विरुद्ध तारा म्हणजे मोकळी वाट. हे दोन प्रवाह लगत आहेत म्हणूनच शांत आहेत. त्यांना वीतभर दूर करा, कीं दोन सीमा उभ्या राहिल्याच.

आतां या साऱ्यापासून घ्यावयाचा बोध कोणता? आमच्या मतें तो सीमेच्या स्वरूपाविषयीं आहे. भिंत दोन्हीं बाजूंस राखते. हा-हाचा चर जनावराला अडवितो आणि माणसाला सावध करतो. पुरलेली तार मात्र फक्त आज्ञाधारकाला अडविते. यंत्र तिच्या बाहेर जाणार नाहीं हें खरें. पण बाहेरचा जीव आंत येऊं नये, यासाठीं ती कांहींच करीत नाहीं. युरोपांतील बागांत हेजहॉग नांवाचा अंगभर कांटे असलेला लहानसा निशाचर प्राणी असतो. संकट आलें कीं तो पळत नाहीं, अंगाचा गोळा करून बसतो. कोल्ह्यापुढें ही युक्ति चालते, पात्यांपुढें चालत नाहीं. डेन्मार्कमधील संशोधकांनीं मेलेले हेजहॉग हिरवळीवर ठेवून निरनिराळीं यंत्रें त्यांजवर सोडलीं. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असें दिसून आलें कीं, कोणत्याही यंत्राला तो प्राणी आधीं ओळखतां आला नाहीं. सर्वांना प्रथम त्यास धडक द्यावी लागली, आणि कांहीं यंत्रांनीं त्यास कापलें. जर्मनींतील कांहीं शहरांनीं रात्रीं हीं यंत्रें चालविण्यास बंदी घातली आहे ती याच कारणानें. तेव्हां जेथें तारेचें काम संपतें तेथें माणसाचें सुरू होतें. यंत्र दिवसाच चालवावें, आणि मुलें हिरवळीवर असतांना तें बंद ठेवावें. कुंपणानें राखावें कोणाला, हा प्रश्न तारेला विचारून उपयोग नाहीं.

दुसरी गोष्ट श्रमाविषयीं. बडिंगच्या यंत्रानें पहांटेचे विळेकरी गेले, पेट्रोलनें घोडा गेला, तारेनें मागून चालणारा माणूस गेला. परंतु ज्या यंत्राला माणूस नको, त्याच्यासाठीं एका माणसाला गुडघे टेकून सबंध बागेच्या कडेनें तार पुरावी लागली, वाट कापावी लागली, धुळीपासून आपली छाती जपावी लागली. श्रम नाहींसे झाले नाहींत; ते जागा बदलून आरंभीं एकदांच करावयाचे झाले, आणि म्हणूनच पाहणाराच्या नजरेआड गेले. विळेकरीही धनी उठण्यापूर्वींच आपलें काम आटोपून जात.

न्यूयॉर्कच्या समुद्रतळाच्या तारेची आठवण आम्हीं वाचकांस ठेवावयास सांगितली होती. तिची गति आतां बागेंतील तारेलाही येऊं लागली आहे. अलीकडचीं कित्येक यंत्रें उपग्रहांचे संदेश व घराशेजारीं उभारलेल्या ठाण्याची दुरुस्ती यांच्या जोरावर, किंवा डोळ्यासारख्या कॅमेऱ्याच्या साह्यानें, आपली सीमा स्वतः ओळखतात. त्यांना तार लागत नाहीं. तरीही जेथें झाडें दाट आहेत, घरें उंच आहेत व आकाश थोडें दिसतें, तेथें उपग्रहापेक्षां तारेवरच विश्वास टाकणारे बागवान आहेत. पुढेंमागें तेही तार सोडतील. मग काँक्रीटच्या वाटांवर त्या बारीक, बुजविलेल्या रेघा तेवढ्या उरतील, आणि त्यांवरून चालणाऱ्या एखाद्याला त्या कशाच्या म्हणून प्रश्न पडेल. त्यानें त्यांस केवळ काँक्रीटची तड समजूं नये. येथें कोणीएक गुडघे टेकून बसला होता, आणि जें यंत्र डोळ्यांनीं पाहूं शकत नव्हतें त्याला त्यानें 'येथपर्यंतच' हा शब्द ऐकूं येईल अशी सोय केली होती, इतकें त्यानें ओळखावें.